मदत हवी आहे : गच्चीवर भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या टाकाव्यात का?

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्यातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीचं काम काढलंय. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की वरच्या खोलीत आईला दुपारी बसवत नाही. ठेकेदार विटांच्या तुकड्यांचा नेहमीचा कोबा सांगतोय. ओळखीच्या एका इंजिनिअर ताईंनी ‘लेका’ सुचवलं, म्हणजे भाजून फुगवलेल्या मातीच्या गोळ्या.

नमुना आणला. गोळी पाण्यात टाकली तर तरंगली. फोडली तर वरून तांबूस, आत काळपट आणि पावासारखी जाळीदार. जुन्या स्लॅबवर भार कमी पडेल, उष्णताही अडेल, हे पटलं.

पण या गोळ्या फिरत्या भट्टीत साधारण ११०० ते १२०० अंशांवर भाजतात, तेव्हा कुठे आतल्या वायूने माती फुगते. एवढं इंधन जाळायचं, शिवाय ट्रकने लांबून आणायचं, हे मनाला लागतं. विटाही भट्टीतल्याच, हे मान्य. पण इथे कोराडी-खापरखेड्याला वीज केंद्रांची राख पडलेली असते आणि राखेपासूनही हलकी खडी बनते!

तशी खडी नागपुरात थोड्या पोत्यांत कुठे मिळेल? दोन्हींपैकी काही वापरलं असेल, तर तीन-चार पावसाळ्यांनंतर ओल धरली का? कृपया सांगा, मृगाआधी काम उरकायचंय.