शनिवारवाड्यात कलासंग्रहालय का नसावं?

नदीकाठ: इटलीतल्या व्हेरोनाचा कास्तेलवेक्किओ पाहून आलो. आदिजे नदीवरचा चौदाव्या शतकातला किल्ला, आत कलासंग्रहालय. वास्तुविशारद कार्लो स्कार्पाने घडवलेलं त्याचं आजचं रूप १९६४ साली खुलं झालं. त्याने नवी फरशी जुन्या भिंतीला टेकू दिली नाही, मध्ये फट सोडली. जुनं कुठं संपतं ते पायाखालीच कळतं. तिथं उभा होतो आणि मला शनिवारवाडा आठवत होता. मागे भाच्याला घेऊन गेलो होतो. दिल्ली दरवाजाचे हत्ती अडवणारे खिळे पाहून पोरगं हरखलं, आत गेल्यावर म्हणालं, "मामा, वाडा कुठंय?" जोत्यांवर हलकं, उद्या उचलता येईल असं छत घालून चित्रं, शस्त्रं मांडली तर काय बिघडेल?

कसबेकर: बिघडेल. व्हेरोनाला चित्रं लावायला दालनं होती. इथलं लाकूडकाम १८२८ च्या आगीत गेलं. उरले तट, दरवाजे, जोती आणि हजारी कारंज्याचं कमळ. जोत्यावर काहीही उभं करा, दहा वर्षांनी लोक त्यालाच पेशव्यांचा महाल म्हणतील. कास्तेलवेक्किओतही १९२० च्या दशकात दुरुस्तीच्या नावाखाली जुन्या धाटणीची दारं-खिडक्या बसवली होती. पुढं स्कार्पाला तो खोटेपणा उघडा करावा लागला. शिवाय हे केंद्रीय संरक्षित स्मारक. भोवतीच्या शंभर मीटरांतसुद्धा नव्या बांधकामाला मनाई आहे. भाच्याला सांगा, वाडा जळाला. ते कळणं महत्त्वाचं आहे.

सदाशिवपेठी: दादा, संग्रहालयच हवं तर विश्रामबागवाड्याकडे बघा ना. छप्पर आहे, चौक आहेत, कोरीव सागवानी खांब आहेत. जवळच केळकर संग्रहालयात दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वीसेक हजार वस्तू, आणि मांडायला जागा अपुरी. कोथरूडचा मस्तानी महालसुद्धा तिथं आणून उभा केलाय. तिथले अडकित्ते आणि दिवे मी तासन्‌तास बघते. त्यांना खऱ्या वाड्यातला उजेड मिळायला हवा.

नदीकाठ: ताई, हे पटलं. कसबेकर, छत मागे घेतो. पण दिल्ली दरवाजाच्या आत भिंतींवर पुसट झालेली चित्रं आहेत. माणसं शेजारून न बघता निघून जातात, मीही कितीदा गेलोय. तिथं जपून सोडलेला उजेड आणि चार ओळींची मराठी पाटी, एवढंही नको?

कसबेकर: पाटी हवीच. फक्त भिंतीत खिळा नको, स्वतंत्र पायावर उभी करा. तुमच्या स्कार्पासारखी, भिंतीपासून सुटी.