टीव्हीवरचं गोल चक्र: तुमच्या घरी दोष कुठे सापडला?

विक्रोळीकर
दिवाळीत केबल बंद केली आणि टीव्ही इंटरनेटवर घेतला. तेव्हापासून रात्री साडेआठला आईची मालिका लागली की पडद्याच्या मधोमध चक्र गरगर. तेही नेमकं सासू तोंड उघडते तेव्हा. आई म्हणते, "तिचं वाक्य तरी पुरं होऊ दे म्हणावं तुझ्या डबड्याला."

प्लॅन १०० एमबीपीएसचा. नेटवाल्याला तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा त्याने फोनवर ९४ दाखवले आणि निघाला. तिसऱ्या वेळी तो जिना उतरत असताना डोक्यात प्रकाश पडला, की फोन राउटरपासून चार फुटांवर होता आणि टीव्ही भिंतीपलीकडे आहे. मग टीव्हीच्याच ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम उघडलं. ६. परत, ३. परत, ११. फुल एचडीला साधारण ५ लागतात, फोर-केला १५. चक्र फिरेल नाहीतर काय.

टीव्ही वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर बसला होता आणि आमच्या हॉलमध्ये शेजाऱ्यांची ३१ वायफाय दिसतात (मोजली). त्या पट्ट्यात एकमेकांच्या वाटेत न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्याला वेगळं नाव दिलं, टीव्ही त्यावर टाकला, ६८ आले. खर्च शून्य. नेटवाल्याला काय काय बोललो होतो ते इथे लिहीत नाही.

तुमच्याकडे काय निघालं? उपाय फसला असेल तरी लिहा, तेच जास्त कामाला येतं.

लालबागची सून
आमचा दोष बाप्पाच्या पाठीमागे निघाला. राउटर भिंतीवरच्या फळीवर, आणि पुतण्याने मखर केलं ते बरोबर त्याच्यापुढे. पुठ्ठ्यावर सगळीकडे सोनेरी कागद. दिसायला सुरेख. पण आरती झाली की पाहुण्यांना मोदक द्यायचे आणि टीव्ही का चालत नाही ते सांगायचं, दोन्ही कामं माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी दिरांनी २२०० रुपये मोजून नवा राउटर आणला. तोही त्याच फळीवर ठेवला! विसर्जनानंतर मखर उतरवलं आणि जुनाच राउटर धावायला लागला. सोनेरी कागदाला धातूचा मुलामा असतो, सिग्नल तिथेच अडतो. नवा राउटर खोक्यात, कपाटावर. कोणाला हवाय?

चारकोपचा बाबा
आमच्याकडे फक्त शनिवार-रविवारी व्हायचं. मी म्हणायचो, सुट्टीला अख्खी सोसायटी नेट वापरते. पण लेक ट्रेकवरून येते, फोन चार्जिंगला लावते, आणि तिचे चारशे फोटो नि व्हिडिओ वर चढायला लागतात. जुना प्लॅन, खाली (डाउनलोड) ५० आणि वर (अपलोड) फक्त ५. टीव्ही नुसता घेतो, देत काही नाही असं मला वाटायचं. तसं नसतं. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि प्रत्येक तुकड्यासाठी टीव्हीला वर निरोप धाडावा लागतो. वरची वाट तुंबली की निरोप फोटोंच्या मागे रांगेत. आता तिचा बॅकअप पहाटे चालतो. कळवायला गेलो तेव्हा म्हणाली, "बाबा, हे मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं."

भांडुप पश्चिम
फिश टँक. राउटर त्याच्या मागे होता. पाणी वायफाय पितं. राउटर हलवला, मासे तिथेच आहेत.

वांद्रे पूर्व
मी सगळं करून बसलो होतो. अ‍ॅपची कॅश पुसली, अ‍ॅप काढून परत टाकलं, राउटर चालू-बंद, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदललं. डीएनएसचा सल्ला जो-तो देतो म्हणून सांगतो, त्याने पत्ता शोधायला लागणारा वेळ बदलतो, व्हिडिओचा नळ मोठा होत नाही. उलट कधीकधी लांबचा सर्व्हर पदरी पडतो.

शेवटी दोष निघाला स्टिकच्या (टीव्हीला मागे लावून अ‍ॅप चालवायची ती कांडी) वायरीत. वायर लोंबकळलेली बरी दिसत नाही म्हणून बायकोने नाही, मीच ती टीव्हीच्या यूएसबीत खुपसली होती. बऱ्याच टीव्हींचं ते भोक अर्धा अँपियर देतं, स्टिकला तेवढं पुरत नाही. मग ती मध्येच अडखळते, आपोआप बंद होऊन सुरू होते, आणि आपण नेटच्या नावाने बोटं मोडतो. सोबत आलेला अ‍ॅडाप्टर दोन वर्षं खणात पडून होता. त्याच खणात एचडीएमआयचा वीतभर तुकडाही होता. तो लावला की स्टिक टीव्हीच्या पाठीपासून थोडी बाहेर येते आणि वायफाय बरं पकडते.

माजी केबलवाला
११ वर्षं मालाड-गोरेगावच्या गच्च्या चढलोय, तेव्हा चार शब्द आमच्या बाजूचे. राउटरजवळ उभं राहून फोनवर स्पीड दाखवणं ही आमची जुनी सवय. विक्रोळीकरांनी पकडलं, बरं झालं.

फायबर म्हणजे काचेचा धागा, त्यातून प्रकाश जातो. तांब्याच्या वायरीसारखा खिळ्याला गुंडाळला की प्रकाश वळणावर गळतो. एका घरी दर सोमवारी तक्रार. जाऊन पाहिलं तर रविवारी कपाट सरकवून झाडू मारायचे आणि कपाट परत लावताना मागची पिवळी वायर भिंतीशी चेपायची. प्रकाश मोजायचं मशीन लावलं, मायनस २९ डीबीएम (आकडा जितका खाली, प्रकाश तितका कमी). साधारण मायनस १५ ते मायनस २५ मध्ये असलं की निवांत, मायनस २७ च्या खाली गेलं की घरातला फायबरचा डबा धापा टाकतो. वायर सोडवली, टोक स्पिरिटने पुसलं, मायनस २१. मावशींनी चहा दिला, आणि कपाट जागेवर लावायलाही मलाच सांगितलं. तुमच्या डब्यावर एलओएसचा (म्हणजे प्रकाश पोचतच नाही) लाल दिवा लागला तर घरात काही खटपट करू नका, फोन करा. तो आमचा विषय. पावसाच्या तोंडावर रस्ते खणतात तेव्हा तो हमखास लागतो.

दादर, फूलबाजाराजवळ
मॅचचं कोणी लिहिलं नाही? पिक्चर सुरळीत, मॅचला चक्र. पिक्चर सर्व्हरवर पडलेला असतो, टीव्ही पुढची दोन-चार मिनिटं आधीच ओढून ठेवतो. पुढचा चेंडू अजून टाकलाच नाही, तो साठवणार कुठून? हाताशी शिल्लक काही सेकंदांची, जरा नेट डगमगलं की संपली. त्यात गर्दी. २०२३ च्या वर्ल्डकप फायनलला एकाच अ‍ॅपवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. मी राउटरपासून टीव्हीला लॅन केबल लावली, वायफाय सोडलं, चक्र गेलं. टीव्हीचं लॅन बहुधा १०० च्या पुढे जात नाही, पण मॅचला तेवढं भरपूर. समोरच्या चाळीत मात्र अजून केबल आहे. त्यांचा "आऊट!" आधी ऐकू येतो, मग माझा बोलर धावायला लागतो. यावर इलाज खिडकी बंद करणं, आणि दादरला मे महिन्यात ते होत नाही.

दहिसरचा नवा
वरचं सगळं केलं. लॅन आहे, कपाट नाही, मासे नाहीत. तरी रोज रात्री नऊनंतर चक्र, अकराला आपोआप बरं. आता?

माजी केबलवाला
आता ते आमच्याकडचं. एका फायबरवर स्प्लिटर (प्रकाश वाटणारा तुकडा) लावून ३२ किंवा ६४ घरं जोडतात, साधारण अडीच जीबीपीएस सगळ्यांत मिळून. तेवढं सहसा पुरतं. कमी पडते ती नेटच्या मालकाने वरच्या कंपनीकडून विकत घेतलेली बँडविड्थ. गिऱ्हाइकं वाढवत जातो, ती वाढवत नाही. पण "नेट स्लो आहे" म्हणालात की तुम्हाला राउटर बंद करून चालू करायला सांगतील. तीन रात्री वायरवरच्या लॅपटॉपवर मोजा, रात्री साडेनऊला आणि सकाळी सहाला. वेळेसकट फोटो काढा, तक्रार नंबर घ्या, सगळं लेखी पाठवा. मी नोकरीत होतो तेव्हा असे फोटो आले की मालक स्वतः फोन उचलायचा.

दहिसरचा नवा
पहिली रात्र ९:३०, ७.२. सकाळी ६:००, ९६.
दुसरी रात्र ९:३०, ५.८. सकाळचा गजर लावलाय. बायको विचारतेय, एवढ्या पहाटे उठून टीव्ही बघणार आहात का.