अनुभव धागा : खुर्ची मिळाली, पुढे काय?

ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. ती मुलं मोठी होतात, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. हा धागा त्या मोठ्या झालेल्यांसाठी. सल्लागार समिती, जनसुनावणी, निवडणूक, कामगार संघटना, सरकारी कचेरी, कुठेही तुम्ही अपंगांच्या हक्कांसाठी तोंड उघडलं असेल, पत्र लिहिलं असेल किंवा नुसते जाऊन बसला असाल, तर ते लिहा. 'प्रेरणादायी' नसलं तर उत्तमच. एका ओळीचं चालेल, चार पानांचं चालेल, नमस्कार-चमत्कार वगळलेत तर कुणी रागावणार नाही. पालकांचंही स्वागत आहे, फक्त मुलाची गोष्ट सांगण्याआधी त्याला विचारा. कसं विचारायचं ते तुम्हालाच ठाऊक असेल.

सुरुवात मीच करते. मला आलेलं पहिलं निमंत्रण 'अनुभवकथना'चं होतं. विषय सार्वजनिक इमारतींची सुगम्यता, आणि मी पोटापाण्यासाठी इमारतींचेच नकाशे काढते. तसं कळवलं, तर उत्तर आलं, "तांत्रिक सत्र वेगळं आहे, तिथे तज्ज्ञ आहेत. तुम्ही तुमच्या भावना मांडा." भावना मांडल्या. त्यांच्या जिन्यातला दिवा दर सेकंदाला लुकलुकत होता, तेही मांडलं. लोक हसले. दिवा तसाच राहिला.

*

एप्रिलचा वक्ता

मला बोलावणी येतात ती एकाच आठवड्यात. २ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागरूकता दिन. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००७ मध्ये ठराव केला आणि २००८ पासून तो पाळला जातो. त्या आठवड्यात घसा बसेपर्यंत बोलतो. ३ एप्रिलला पाठवलेल्या मेलला उत्तर यायला पुढचा मार्च उजाडतो, आणि त्या उत्तरातही निमंत्रणच असतं. १८ जूनचा ऑटिस्टिक प्राइड डे आमच्यातल्याच लोकांनी २००५ मध्ये सुरू केला. त्या दिवशी मी मोकळा असतो.

*

टाइप करून बोलणारा

मी तोंडाने बोलत नाही. टॅबलेटवर टाइप करतो, टॅबलेट ते वाचून दाखवतो.

एका जनसुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं होती. निवेदन घरून टाइप करून नेलं होतं. बटण दाबलं, वेळेत संपलं. मग अध्यक्षांनी एक प्रश्न विचारला. प्रश्न माझ्याबद्दलचा, नजर माझ्या ताईकडे. ती म्हणाली, "त्यालाच विचारा." मी टाइप करायला लागलो. कुणीतरी खाकरलं, कुणी घड्याळ बघितलं. मागच्या रांगेतल्या एका भल्या गृहस्थांनी माझं वाक्य पूर्ण करून दिलं. मला अगदी उलट म्हणायचं होतं. तेवढ्यात घंटा वाजली.

पुढच्या सुनावणीआधी लेखी अर्ज दिला. प्रश्न आदल्या दिवशी लिहून कळवा, आणि उत्तराला तिप्पट वेळ द्या. अर्जात संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचं कलम २ उतरवलं होतं. त्यात संवादाच्या व्याख्येत पूरक आणि पर्यायी साधनं स्पष्ट धरली आहेत, आणि वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव मानला आहे. दोन्ही मागण्या मान्य झाल्या. अर्जावर शेरा पडला, 'विशेष बाब म्हणून'. म्हणजे माझ्यामागून येणाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा.

"हे खरंच तोच लिहितो का?" हेही दर ठिकाणी विचारतात. मला त्याचा राग येत नाही. दुसऱ्याने हात धरून टाइप करून घेण्याच्या पद्धतीत शब्द हात धरणाऱ्याचेच निघतात, हे चाचण्यांमध्ये दिसून आलेलं आहे. माझा टॅबलेट स्टँडवर असतो आणि ताई दोन खुर्च्या सोडून बसते. एवढं बघितल्यावर तरी प्रश्न मला विचारावेत.

*

एक आई

माझा मुलगा तिशीकडे झुकलाय. तो टाइपही करत नाही. चित्रांची वही आहे, त्यातली थोडी चित्रं तो आपणहून दाखवतो. लिहू का म्हणून वही पुढे ठेवली, 'नको'चं चित्र त्याने दाखवलं नाही. तेवढ्या आधारावर लिहितेय.

तुम्ही सगळे फार नेमकं लिहिता. पण तुमच्या मागण्यांत शांत खोली असते, मंद दिवे असतात, आगाऊ विषयपत्रिका असते. रात्री सोबत राहणारा मदतनीस नसतो. माझ्यामागे हा कुठे राहणार, हे कोणत्या समितीच्या विषयपत्रिकेवर आहे? जे बोलू शकतात ते समितीत जातात, आणि समितीला वाटतं, सगळे असेच असतात.

दुसरी गोष्ट कायदेशीर पालकत्वाची. कागद करताना वकील म्हणाले, एकदा हे झालं की सगळं सोपं. झालं खरं सोपं, माझ्यासाठी. पूर्वी बँकेतले कर्मचारी त्याच्याकडे बघून हसायचे तरी, काउंटरवरचा शिक्का त्याच्या हातात द्यायचे. आता त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही, कारण त्याच्या सहीची गरजच उरलेली नाही.

*

टाइप करून बोलणारा (पुन्हा)

शांत खोलीबद्दल बोललात ते मान्य. मी तुमच्या मुलाचा प्रतिनिधी नाही. पण माझ्या बालपणीच्या अहवालातही 'आकलन नाही' असंच लिहिलंय, आणि तेव्हा माझ्याकडेही फक्त वहीच होती. त्याच्यात आणि माझ्यात तुम्हाला दिसते तेवढी मोठी भिंत असेलच असं नाही.

मदतनिसाची मागणी आमच्याकडे नाही, असं मात्र नाही. करारातलं कलम १९ त्याबद्दलच आहे. कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे ठरवायचा हक्क, आणि त्यासाठी लागणारा वैयक्तिक मदतनीस, दोन्ही त्यात आहेत. पालकत्वाचं म्हणाल, तर कायद्यापुढे सगळ्यांना समान मान्यता देणाऱ्या कलम १२ बद्दल करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २०१४ मध्ये स्पष्ट म्हटलंय की माणसाच्या जागी दुसऱ्याने निर्णय घेण्याच्या व्यवस्था जाऊन, त्याला निर्णय घ्यायला मदत करणाऱ्या व्यवस्था याव्यात.

*

एक आई (पुन्हा)

कलमं मलाही पाठ झालीत हो. रात्रीचा माणूस कुठून आणू ते सांगा.

*

धागा सुरू करणारी

याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि कुणी दिलासा देऊ नये अशी विनंती. ज्यांनी असा मदतनीस प्रत्यक्ष मिळवलाय, त्यांनीच यावर लिहावं.

*

मतदार

मतदान केंद्रावर हेडफोन काढायला लावले. आत असलं काही चालत नाही म्हणे. ताण आला की मला बोलता येत नाही, म्हणून चिठ्ठी तयार ठेवली होती: 'हे फक्त आवाज अडवतात. यात वायर नाही, ब्लूटूथ नाही.' अधिकाऱ्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, मग स्वतःच्या कानांवर चढवले. थोडा वेळ तसेच उभे राहिले. म्हणाले, "सकाळपासून पहिल्यांदा जरा बरं वाटलं." मत दिलं, हेडफोनसकट.

*

जुने कागद चाळणारा

लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

डिसेंबर २००७. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या बालमानस केंद्राने जाहिराती लावल्या. मजकूर अपहरणकर्त्याच्या चिठ्ठीसारखा: तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, आणि खाली सही 'ऑटिझम'. हेतू काय, तर जागरूकता. एरी नेमन हा तेव्हा विशीतला ऑटिस्टिक तरुण. त्याने आणि स्कॉट रॉबर्टसन यांनी आदल्याच वर्षी ऑटिस्टिक लोकांची स्वतःची संघटना काढली होती. तिने पत्र लिहिलं, सह्या गोळा केल्या, आणि त्याच महिन्यात जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. यातली मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की त्या पत्रावर इतर अपंगत्वांच्या संघटनाही होत्या. एकट्या ऑटिस्टिक लोकांचं पत्र कदाचित 'भावना दुखावल्या' या सदरात गेलं असतं. पुढे २०१० मध्ये नेमन अमेरिकेच्या राष्ट्रीय अपंगत्व परिषदेवर गेला. म्हणजे सल्ला द्यायच्या खुर्चीवर, अधिकृतपणे.

पण सगळं इतकं झटपट होत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या एका निवासी संस्थेत ऑटिस्टिक आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना 'वर्तन सुधारण्यासाठी' विजेचे झटके दिले जात. अनेक वर्षं आंदोलन झाल्यावर मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने झटके देणाऱ्या त्या उपकरणावर बंदी घातली. २०२१ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली, कारण प्रशासनाला तसा अधिकारच नाही. मग डिसेंबर २०२२ मध्ये तो अधिकार देण्यासाठी कायदाच बदलला. ज्यांना 'संयम नाही, लवकर चिडतात' म्हणतात, ती हीच माणसं बरं का.

आता एक उपयोगाची गोष्ट. ऑटिस्टिक लोकांनीच १९९६ पासून भरवलेल्या मेळाव्यांतून रंगीत बिल्ल्यांची पद्धत आली. लाल म्हणजे माझ्याशी बोलायला येऊ नका, पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच या, हिरवा म्हणजे मला बोलायचंय पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा. आमच्या संघटनेच्या वार्षिक सभेत मी ही पद्धत सुचवली. ऑटिस्टिक नसलेल्यांनीच जास्त लाल बिल्ले उचलले.

*

समितीतली सदस्य

मी एका वाहतूक यंत्रणेच्या सल्लागार समितीवर आहे. पहिल्या बैठकीला सव्वीस पानी मसुदा टेबलावरच हातात दिला आणि लगेच "कुणाला काही सूचना?" मला वाचायला वेळ लागतो, आणि बोलायची वेळ नेमकी कधी येते ते कळत नाही. एकाचं संपतं न संपतं तोच दुसरा सुरू करतो. मला फट सापडेपर्यंत विषय तीन मुद्दे पुढे गेलेला असतो. तरी शेवटी उठून तीन गोष्टी सांगितल्या. फलाट बदलल्याची सूचना ध्वनिक्षेपकाबरोबर पडद्यावर लेखी द्या. गर्दीपासून बाजूला बसायची एक जागा नकाशातच दाखवा. मदतीच्या खिडकीवर बोलल्याशिवाय मदत मागता येईल अशी सोय करा.

महिन्याने इतिवृत्त आलं. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'सदस्यांनी आपले हृद्य अनुभव कथन केले.' मागणी एकही नाही! माझ्या आधी बोललेल्या अभियंत्यांची मात्र एक सूचना तीन उपमुद्द्यांत मांडलेली.

मी दुरुस्ती पाठवली. 'माझ्या नावापुढील नोंद वगळून पुढील तीन सूचना क्रमांकासह नोंदवाव्यात, आणि प्रत्येकीवर काय कार्यवाही करणार ते लिहावं.' सचिव फोनवर म्हणाले, "मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका." मी म्हटलं, मनाचा संबंध नाही, इतिवृत्ताचा आहे. पुढच्या बैठकीत दुरुस्ती मंजूर झाली. पडद्यावरच्या सूचना आता सुरू झाल्यात, त्यांचा उपयोग कमी ऐकू येणाऱ्यांना आमच्याहून जास्त होतो. बसायच्या जागेचं घोंगडं अजून भिजत पडलंय. खिडकीबद्दल 'तपासून पाहू'.

*

पडलेला उमेदवार

स्थानिक निवडणूक लढवली आणि पडलो. पक्षातले म्हणाले, ऑटिझमचं बोलू नका, लोक घाबरतात. मी पत्रकातच छापलं. दारोदार फिरताना मला चेहरे लक्षात राहत नाहीत, एकाच घरी दोनदा स्वतःची ओळख करून दिली. पण नाल्यांचा अर्थसंकल्प विचारला की मी थांबत नसे, आणि तो ऐकून घेणारे लोक निघाले. अमेरिकेत जेसिका बेनहॅम या उघडपणे ऑटिस्टिक असलेल्या बाई २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेवर निवडून गेल्या, हे सगळ्यांना सांगत होतो. एक आजोबा म्हणाले, "त्या बाईंना नाल्यांतलं कळतं का?" त्यांनी मत मला दिलं असावं.

*

नाव नको

मी सगळ्या समित्या सोडल्या. त्याच टेबलावर तज्ज्ञांना मानधन होतं, मला आभारपत्र. प्रत्येक बैठकीनंतर दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागे, ते रजेत धरलं जाई. वेळोवेळी 'तुम्ही इतक्या सहज वावरता, वाटत नाही ऑटिस्टिक' हेही ऐकलं. त्या सहजपणाची किंमत मीच भरत होते. आता फक्त लेखी हरकती पाठवते. परत जायचं झालं तर मानधनाचा आकडा आधी.

*

नवखी

पुढच्या महिन्यात माझी पहिली बैठक आहे. आधी काय काय मागून घ्यावं?

*

समितीतली सदस्य (पुन्हा)

सगळं एकाच मेलमध्ये मागा, फोनवर नको. कागदपत्रं निदान आठवडाभर आधी. बोलायची पाळी अध्यक्षांनी नाव घेऊन द्यावी. लेखी म्हणणं बैठकीत मांडलं असं धरून इतिवृत्तात यावं. खोलीचा फोटो, दाराजवळची खुर्ची, मध्ये उठून जाता येईल हे आधीच मान्य. मानधनाचं विचारा, वर लिहिलंय त्यांनी ते योग्यच. सोबत कुणी येणार असेल तर त्यांचं नाव कळवा आणि प्रश्न तुम्हालाच विचारावेत हेही लिहा. बैठक किती वाजता संपणार तेही विचारून घ्या, सुरू व्हायची वेळच फक्त सांगतात. निदानाचे कागद मागितले तर 'कोणत्या नियमाखाली?' एवढंच विचारायचं.

*

नवखी

मसुदा केला की इथे टाकते. पाठवण्याआधी कुणी नजर टाकाल का?

*

टाइप करून बोलणारा

टाका. 'विशेष बाब म्हणून' हे शब्द कुठे शिरलेत का, ते मी बघतो.