मदत हवी आहे: फेज डायग्राम म्हणतो द्रव, मग ग्लासातलं पाणी उडून जातं कसं?

फेज डायग्राम (कोणत्या तापमानाला आणि दाबाला पदार्थ स्थायू, द्रव की वायू, ते दाखवणारी आकृती) वाचायला शिकतेय, आणि एका जागी गाडी अडलीय.

जे कळलंय ते आधी सांगते. कार्बन डायऑक्साइडचा त्रिक बिंदू (जिथे स्थायू, द्रव, वायू तिन्ही एकत्र नांदतात) ५.११ अ‍ॅटमॉस्फिअरला. १ अ‍ॅटमॉस्फिअरवर पट्टी ठेवून आडवी रेघ मारली, तर ती द्रवाच्या भागाला शिवतच नाही. स्थायूतून थेट वायूत, उणे ७८ अंशांच्या आसपास. म्हणून कोरडा बर्फ (गोठलेला कार्बन डायऑक्साइड) वितळत नाही, हे पटलं. पाण्याची स्थायू-द्रव रेषा डावीकडे का कलते, तेही समजलं (बर्फ पाण्यापेक्षा हलका, दाब वाढला की द्रवाचं फावतं).

आता घोळ. २५ अंश आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर हा बिंदू पाण्याच्या आकृतीत सरळसरळ द्रवाच्या भागात पडतो, रेषेच्या जवळपासही नाही. मग टेबलावर उघडा ठेवलेला ग्लास हळूहळू रिकामा कसा होतो? २५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब (बंद भांड्यात पाण्यावर साठणाऱ्या वाफेचा दाब) जेमतेम ०.०३१ अ‍ॅटमॉस्फिअर असतो. आकृतीतला दाब म्हणजे फक्त पाण्याच्या वाफेचा, की वरच्या हवेसकट सगळा? की ही आकृती बंद भांड्यापुरतीच खरी? माझा कल शेवटच्या उत्तराकडे आहे, पण नीट मांडता येत नाहीये.

जाता जाता आणखी एक. क्रांतिक बिंदूला, म्हणजे ३७४ अंश आणि २१८ अ‍ॅटमॉस्फिअरला, द्रव-वायू रेषा मध्येच संपते. त्याला वळसा घालून गेलं तर पाणी न उकळताच वायू होतं म्हणे. मग ते वायू झालं नेमकं कधी?

सूत्रांपेक्षा रेणू काय करतात ते सांगितलंत तर जास्त कळेल.