मोजके पाणी आणि चोथा यांचा मेळ कसा घालावा? (मदत हवी आहे)

नमस्कार. आम्ही दादरला राहतो. माझ्या सासूबाईंना हृदयविकारामुळे डॉक्टरांनी चहा, ताक, आमटी सगळे धरून दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त द्रव घ्यायचे नाही, असे बजावले आहे. बद्धकोष्ठतेसाठी आहारात चोथा (फायबर) वाढवा, असेही सांगितले आहे. मुंबईच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यातले निम्मे पाणी नुसत्या तहानेलाच लागते, म्हणून कोणता चोथा निवडावा हे नीट समजून घ्यायचे आहे.

आमच्याकडे इसबगोल, सब्जा आणि कोंडा पेल्यात भिजवून, जे जास्त फुगेल ते चांगले असे ठरवले जाते. मला ही परीक्षा पुरेशी वाटत नाही, कारण खरा प्रश्न धरलेले पाणी मोठ्या आतड्याच्या शेवटापर्यंत टिकते का, हा आहे. इसबगोलाचा बुळबुळीत गर तिथल्या जिवाणूंना फारसा पचत नाही, त्यामुळे त्यातले पाणी टिकते आणि शौचास मऊ होते. ओट्समधले बीटा-ग्लुकान (त्यातला पाण्यात विरघळणारा चोथा) किंवा गवारीच्या बियांचा डिंकही पाण्यात दाट होतो, पण जिवाणू तो बराचसा खाऊन टाकतात आणि पाणी सुटते. कोलेस्टेरॉलसाठी ते उपयोगी असले, तरी आमची अडचण वेगळी आहे.

गव्हाच्या कोंड्याचे काम आणखी निराळे आहे. त्याचे जाडसर कण आतड्याच्या अस्तराला घासतात आणि अस्तरातूनच पाणी व श्लेष्मा स्रवतो. कोंडा अगदी बारीक दळला तर हा परिणाम उरत नाही, उलट मळ घट्टही होऊ शकतो. मग गिरणीतून कणीक जाडसर दळून आणणे आणि ती न चाळणे, हा कमी पाण्यातला बरा मार्ग ठरेल का? की आतड्यात स्रवणारे ते पाणीही शेवटी पिण्याच्या पाण्यावरच अवलंबून असते?

इसबगोल पेलाभर पाण्याशिवाय घेऊ नये, नाहीतर ते अन्ननलिकेतच फुगून अडकू शकते, हे मला माहीत आहे. त्यामुळे त्यात काटकसर करणार नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तोवर आहारतज्ज्ञांनी किंवा घरी असेच पथ्य सांभाळणाऱ्यांनी कृपया सांगावे: इसबगोलासोबतचे पाणी त्या दीड लिटरमध्ये पूर्ण धरायचे का, पपई आणि दुधीभोपळ्यातले पाणी कसे मोजायचे आणि हृदयाच्या गोळ्या व इसबगोल यांत किती तासांचे अंतर ठेवायचे?