लक्ष्याने रडायचं नाही असं ठरवलं कोणी?

मांडवीकाठ: परवा 'एक होता विदूषक' परत पाहिला. १९९२ चा, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, लेखन पुलंचं. शिव्या घाला हवं तर, पण त्यातल्या नायकासाठी, आबुरावसाठी, लक्ष्मीकांत बेर्डे घेणं चुकलंच. लोक हसायच्या तयारीने आले नि हा रडवायला लागला. साचा मोडायची हौस दिग्दर्शकाची, मार नटाला.

अंत्रुजकर: साफ नामंजूर. आबुराव तमाशातला सोंगाड्या, पुढे सिनेमाचा स्टार होतो. तिथे लक्ष्याच हवा. कायम गंभीर असणारा कोणी घेतला असता तर आबुरावचं हसू हरवलं हे आपल्याला कळलं कसं असतं?

मांडवीकाठ: बाब, हे आपण आज म्हणतो. तेव्हा लोकांनी पाठच फिरवली ना?

खाजेवाली: आमच्या जत्रेच्या नाटकातलं सांगते. मामा वीस वर्षं खलनायक. गोंदाने चिकटवलेली मिशी घेऊन आला की पोरं भोकाड पसरायची. एका वर्षी तुकाराम करणारा ऐनवेळी आजारी पडला नि चिपळ्या मामाच्या हातात आल्या. प्रवेशालाच मांडवभर हशा. मागून कोणीतरी ओरडला, "आतां हो विठ्ठलाक लुटटलो!" मामा काही बोलला नाही. हसू ओसरेपर्यंत चिपळ्या छातीशी धरून नुसता उभा राहिला, मग अभंग धरला. दरवर्षी त्याच्या नावाने बोटं मोडणारी पुढच्या रांगेतली आजी पदर डोळ्यांना लावून बसली होती. पुढल्या वर्षी मात्र परत मिशीच दिली त्याला. मला अजून राग येतो.

शिगमो: प्रभावळकरांचं काय मग? १९९१ ला 'चौकट राजा'तला नंदू, १९९३ ला 'झपाटलेला'तला तात्या विंचू, २००६ ला 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी. यातली 'नेहमीची' भूमिका कुठली? त्यांनी साचा पडूच दिला नाही. लक्ष्याला मात्र एकामागून एक तसलेच सिनेमे मिळत गेले.

अंत्रुजकर: आपल्या गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवातच २०२१ ला 'गोदावरी'साठी जितेंद्र जोशीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर मिळाला. माझा शेजारी म्हणतो, "हो विनोदी न्हू रे?" अरे, २०१२ मध्येच त्याने 'तुकाराम' केला होता!

मांडवीकाठ: जोशीचं मान्य. पण खरं सांगा, 'विदूषक' बघताना तुमच्या तोंडी शेवटपर्यंत आबुराव होता की लक्ष्या? माझ्या तरी लक्ष्याच.

खाजेवाली: आमच्या मामाला गावात अजून 'तुका' म्हणतात. मिशी लावून आला तरी.