फॉन्सेरानच्या जलपाशांच्या भिंती फुगीर का आहेत?

वाटसरू
गेल्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समधील बेझिए शहराजवळ, कनाल द्यू मिदी या सतराव्या शतकातील कालव्यावर असलेली फॉन्सेरानची जलपाशांची, म्हणजे दारे मिटून पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली नेणाऱ्या कोठ्यांची, उतरंड पाहण्याचा योग आला. एकमेकींना लागून बांधलेल्या आठ कोठ्या आणि नऊ दारे यांच्या साहाय्याने तेथे सुमारे ३०० मीटर अंतरात २१.५ मीटरचा चढ नावा चढत असत. प्रत्येक कोठीच्या बाजूच्या भिंती मात्र सरळ नसून बाहेरच्या बाजूस फुगलेल्या आहेत, आणि वरून पाहिले असता कोठीचा आकार अंड्यासारखा दिसतो. नावा तर लांबट असतात, मग हा आकार कशासाठी? दुसरे असे की, खाली जाणाऱ्या नावांना तेथे बराच वेळ थांबवून ठेवले होते आणि तेवढ्या वेळात केवळ वर येणाऱ्या नावांना सोडले जात होते. त्यामागचे कारण जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

चिरेबंदी
जलपाशाच्या भिंतीला सर्वांत मोठा धोका कोठी रिकामी असताना असतो. कोठी भरलेली असते तेव्हा आतले पाणी बाहेरच्या मातीला तोलून धरते. पाणी सोडून दिले की हा आधार जातो आणि झिरपलेल्या पाण्याने जड झालेली माती भिंतीला आत ढकलू लागते. सरळ भिंतीला हा रेटा निव्वळ स्वतःच्या जाडीवर आणि वजनावर सोसावा लागतो. भिंत मातीच्या दिशेने बाक देऊन बांधली, तर ती आडव्या पडलेल्या कमानीसारखी वागते, मातीचा रेटा चिऱ्यावरून चिऱ्यावर सरकत दोन्ही टोकांच्या भक्कम बांधकामात उतरतो, आणि दगड दाब उत्तम सोसत असल्यामुळे तो रेटाच भिंतीला घट्ट करतो. आपल्याकडच्या बांधीव विहिरी बहुधा गोल असतात, त्यामागचे तत्त्वही हेच आहे.

हा आकार कालव्याचा निर्माता पिएर-पॉल रिके याने सौंदर्यासाठी निवडलेला नाही. काम सुरू झाले तेव्हा जलपाश सरळ भिंतींचेच होते. त्यांपैकी एकाची भिंत ढासळल्यानंतर त्याने नकाशा बदलला आणि पुढे सर्वत्र फुगीर कोठ्या बांधल्या. एका अपघातातून इतका नेमका धडा घेऊन तो शेकडो किलोमीटर लांबीच्या कामावर निष्ठेने लागू करणे, हे मला या कालव्यातील सर्वांत मोठे अभियांत्रिकी कर्तृत्व वाटते.

पाणवाट
दारांतही हीच युक्ती आहे. दोन झडपा मिटतात तेव्हा एका रेषेत येत नाहीत. त्या वरच्या पाण्याकडे टोक करून एकमेकींना टेकतात, त्यामुळे पाणी जितके अधिक तितकी फट घट्ट मिटते आणि दोन्ही बाजूंची पातळी सारखी होईपर्यंत दार उघडतच नाही. अशा दारांचे श्रेय मिलान येथे काम करणाऱ्या लिओनार्दो दा विंची याला दिले जाते. काही ठिकाणी त्याला जलपाशाचाच जनक म्हटले जाते, ते मात्र बरोबर नाही. चीनच्या महाकालव्यावर दोन दारांमध्ये पाणी कोंडणारा जलपाश इ. स. ९८४ मध्येच बांधला गेला होता.

आता थांबवण्याविषयी. सुटा जलपाश असेल तर दोन जलपाशांमधील मोकळ्या पाण्यात समोरासमोरच्या नावा एकमेकींना ओलांडू शकतात. उतरंडीत एका कोठीचे वरचे दार हेच पुढच्या कोठीचे खालचे दार असते, त्यामुळे मोकळे पाणी मध्ये उरतच नाही. वर चढणाऱ्या नावेसाठी पुढची कोठी भरलेली हवी, उतरणाऱ्या नावेसाठी ती रिकामी हवी, आणि प्रत्येक वेळी दिशा बदलायची म्हटले तर सर्व कोठ्यांची मांडणी पुन्हा करावी लागून पाणी आणि वेळ दोन्ही वाया जातात. म्हणूनच तेथे चढण्याच्या आणि उतरण्याच्या वेळा वेगवेगळ्या ठरवलेल्या असतात.

वाटसरू
दोघांचेही मनापासून आभार. पण कोठी फुगीर केली की ती भरायला पाणीही जास्त लागणार. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या त्या प्रदेशात हे पाणी कोठून आणले?

चिरेबंदी
आपली शंका रास्त आहे. कोठी सुमारे ३० मीटर लांब, दाराशी सहा मीटरच्या आतबाहेर आणि मध्यभागी सुमारे ११ मीटर रुंद धरली, तर माझ्या ढोबळ हिशेबाने सरळ कोठीपेक्षा जवळजवळ दीडपट पाणी लागते. अर्थात त्या रुंदीमुळे लहान नावा शेजारी शेजारी उभ्या राहू शकतात, हा लाभही आहेच.

पाण्याचा प्रश्न मात्र रिकेने कालव्याच्या आधी सोडवला होता, आणि त्याच्या आधीच्या योजना याच ठिकाणी अडल्या होत्या. अटलांटिककडे आणि भूमध्य समुद्राकडे वाहणाऱ्या पाण्यांची वाटणी करणारा, कालव्याच्या वाटेवरील उंचवटा नोरूझ येथे समुद्रसपाटीपासून सुमारे १८९ मीटर उंचीवर आहे. पाणी तेथे पोहोचले तरच ते दोन्ही उतारांवरील जलपाशांना पुरणार. त्यासाठी त्याने मोंताञ नुआर या डोंगराळ भागातील ओढे पाटाने वळवून आणले आणि सँ-फेरेओल येथे मोठे धरण बांधून पावसाळी पाणी साठवले. तो पेशाने अभियंता नव्हता, मिठावरील कर वसूल करणारा अधिकारी होता. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने १६६६ मध्ये मंजुरी दिली. रिकेने स्वतःचीही संपत्ती या कामात ओतली, आणि मे १६८१ मध्ये कालवा खुला होण्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर १६८० मध्ये, तो वारला.

पाणवाट
फॉन्सेरानच्या बाबतीत आणखी एक नोंद करावीशी वाटते. तेथील काम मेदाय नावाच्या दोन भावांनी घेतले होते आणि खोदकामाचा मोठा भार स्त्री मजुरांनी उचलला होता. कालव्याच्या इतिहासात राजाचे आणि रिकेचे नाव वारंवार येते, या स्त्रियांचा उल्लेख मात्र एखाद्या ओळीत उरकला जातो, याचे मला वाईट वाटते.

उतरंडीचा अगदी खालचा टप्पा आज वापरात नाही. पूर्वी नावा तेथून थेट ऑर्ब नदीत उतरत आणि पुराच्या दिवसांत अडकून पडत. १८५८ मध्ये नदीवरून कालवाच वाहून नेणारा २४० मीटर लांबीचा दगडी पूल खुला झाला, तेव्हापासून नावा शेवटच्या कोठीपर्यंत न जाता वरच्या वर पुलाकडे वळतात. पुन्हा जाणे झाले तर नदीच्या बाजूचा तो ओस पडलेला भाग अवश्य पाहावा.